रिकामं परत पाठवलेलं भांडं

एडिथबाई,

आज तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. तुमच्यात दिवस मोजत नाहीत हे मला ठाऊक आहे, मोजायची सवय आमची. सासूबाई मागच्या दारी तांदूळ निवडत बसल्या आहेत. त्यांना लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून धीर करून हे लिहिते आहे. नाहीतर जे लिहिणार आहे ते या घरात मोठ्यानं बोलायची माझी छाती नाही. पावणेदोन वर्षं झाली, तरी नाही.

परवा कारखान्यातल्या लोकांनी तुमच्यासाठी सभा घेतली. तुम्ही किती साध्या, किती मनमिळाऊ, कशा आमच्यातल्याच झाला होता, असं जो तो उठून सांगत होता. तुमचे साहेब खाली मान घालून बसले होते. मी मागच्या रांगेत होते आणि माझा नुसता संताप होत होता. साध्या म्हणे! पाव जाड कापला गेला की दिवसभर गाल फुगवून बसणाऱ्या तुम्ही. आणि आमच्यातल्या? इथलं काहीही तोंडात घातलं की तुमचा एकच शब्द असायचा, आणि तो मीच शिकवलेला, ही आणखी मजा. 'जवळजवळ.'

तुम्ही अंबरनाथला आलात तेव्हा माझे यजमान ड्रॉइंग ऑफिसात साहेबांच्या हाताखाली होते. बाईंना मराठी शिकवायला आणि बाजारात सोबतीला कुणी मिळेल का, असं साहेबांनी विचारलं. मी मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घरात मूलबाळ नाही, दुपारी रिकामी. माझं नाव पुढे आलं. पहिल्या दिवशी मी पाटी-पुस्तक घेऊन बंगल्यावर आले आणि तुम्ही मला दोन तास चीजबद्दल सांगितलंत. कुठल्या गावचं, कसं भुसभुशीत, सफरचंदाबरोबर कसं खातात. घरी येऊन मी यांना म्हटलं, "या बाईला माहेरच्या माणसांपेक्षा माहेरच्या चीजची आठवण जास्त येते." तुमची मुलगी तिकडे बोर्डिंगात होती. तिच्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलत नव्हता आणि खाण्याबद्दल बोलायच्या थांबत नव्हता. त्यातलं इंगित कळायला मला फार वेळ लागला.

मी तुम्हाला 'डोहाळे' हा शब्द शिकवला तो असाच, चिडवायला. तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाईंना ऐकवलात. "मला डोहाळे आहेत. तुला आहेत?" तुम्ही सगळ्यांनाच 'तू' म्हणायचात. सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. "माझी आई गेल्यापासून मला तू म्हणणारी ही पहिलीच," म्हणाल्या. मग हसू आवरून माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं झाली होती माझ्या लग्नाला. ते पाहणं मला नवीन नव्हतं.

पण दुपारी फार चांगल्या गेल्या आपल्या. तुम्हाला रुबार्ब हवा होता. तो आंबट असतो आणि लाल असतो एवढं कळल्यावर मी लाल अंबाडीची बोंडं आणली. तुम्ही ती साखरेत शिजवून वर कस्टर्ड ओतलंत, चमचाभर खाल्लंत आणि डोळे मिटलेत. "जवळजवळ." गूजबेरीसाठी रायआवळे आणले. "जवळजवळ." मार्मालेडला तिकडची कडू संत्री लागतात म्हणालात, तर मी ईडलिंबं मिळवली आणि त्यांच्या साली कातरताना माझी बोटं चरचरली. बरण्या भरल्या, उन्हात धरून पाहिल्या. "अगदी जवळजवळ!" त्या दिवशी मी भडकले. म्हटलं, "बाई, आमच्याकडे चांगलं झालं तर चांगलं झालं म्हणतात." तुम्ही कावऱ्याबावऱ्या झालात. म्हणालात, चांगलंच आहे, फार चांगलं आहे, पण जीभ त्या दुसऱ्या गोष्टीची वाट पाहत असते त्याला मी काय करू? अर्ध्या बरण्या तुम्ही मला दिल्यात. काही दिवसांनी एक रिकामी झालेली बरणी मी परत आणली ती तळाशी साखर घालून. "हे काय?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. रिकामं भांडं परत करणं म्हणजे संबंध संपला म्हणण्यासारखं आहे. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत.

मग ते पुडिंग.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तुम्ही मला बोलावलंत. नाताळाच्या आधी महिनाभर ते शिजवून ठेवायचं असतं, आणि शिजवण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसानं ते एकदा ढवळायचं असतं, पूर्वेकडून पश्चिमेकडे, डोळे मिटून, मनात काहीतरी मागत. "घरात आम्ही दोघंच," म्हणालात. "तू ये." टेबलावर मनुका, बेदाणे, अंडी, मसाले मांडले होते. आम्ही मासे-अंडी खाणारे, तेव्हा त्याचं काही नव्हतं. ब्रँडीची बाटली तुम्ही मला मुद्दाम दाखवलीत. दारूबंदीच्या राज्यात ही परमिटची आहे, हवी तर तुझ्या वाटणीत घालणार नाही, असं गंभीरपणे सांगितलंत. मी म्हटलं, घाला, एवढ्यानं मी झिंगत नाही. शेजारी एक पत्र्याचा डबा होता, तुमच्या बहिणीनं बोटीनं पाठवलेला. त्यात तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे होते. मी विचारलं नाही. वनस्पती तुपासारखं काहीतरी असेल असं धरून चालले. तुम्ही सांगितलं नाहीत, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे हे तुमच्या डोक्यातच नव्हतं. ब्रँडीचं सांगावंसं वाटलं, त्याचं नाही.

मी डोळे मिटून ढवळलं. काय मागितलं ते तुम्हाला कळलं होतं. दर सोमवारी मी उपाशीपोटी शिवमंदिरात जाते, पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात डोकं टेकते, ते कशासाठी, हे तुम्ही कधीच विचारून घेतलं होतंत.

नाताळच्या दिवशी तुम्ही पहिला घास घेतलात आणि 'जवळजवळ' म्हणाला नाहीत. काहीच म्हणाला नाहीत. खाता खाता रडलात, आणि पहिल्यांदाच मुलीचं नाव घेतलंत. मी तुमचा हात धरला आणि माझ्या बशीतलं सगळं पुडिंग संपवलं. छान होतं. जड, काळं, मसालेदार. तोवर माझी पाळी चुकून बरेच दिवस झाले होते आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. तुम्हाला सांगितलं. तुम्ही आनंदानं उडीच मारलीत. "तू ढवळलंस म्हणून!"

जानेवारीत तुमचा तो डबा संपला. मला वाटलं, आपण शोधून आणावा आणि तुम्हाला चकित करावं. तळाला उरलेले चार दाणे कागदात बांधले आणि टांग्यानं उल्हासनगरला गेले, तीन नंबर कॅम्पात. तिथे एक सिंधी शेठ होते, कराचीत गोऱ्या लोकांना किराणा पुरवायचे. आता लष्कराच्या जुन्या बराकीत हातभर दुकान मांडून बसलेले. त्यांनी दाणा बोटांत चुरला, वास घेतला आणि माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं.

"भेण, ये आपको किसके लिए चाहिए?"

"हमारी पहचान की मेमसाब है. पुडिंग में डालती है."

"तो ठीक है. उनको डालने दो." त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली. "ये गाय की चर्बी है. आपने तो नहीं खाया ना?"

मी नाही म्हटलं. शेठ भले माणूस, त्यांनी पुढे विचारलं नाही. परतीच्या टांग्यात मी पदर तोंडात कोंबून बसले होते. घरी आल्यावर घशात बोटं घातली. तीन आठवड्यांपूर्वी खाल्लेलं आता कुठून पडणार? सासूबाई खूश झाल्या, त्यांना वाटलं उमासे सुरू झाले. पुढच्या सोमवारी देवळात गेले आणि वरच्या पायरीवरच थांबले. खाली उतरवेना. सासूबाई खालून हाका मारत होत्या, "अगं ये ना, पाय घसरतो का?" मी म्हटलं, हो, घसरतो.

आठ दिवसांनी सगळं संपलं. तिसरा महिना सुरू होता. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पहिल्या खेपेला असं पुष्कळदा होतं, कुणाचा दोष नसतो. मी ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही. दोष कुणाचा ते मला ठाऊक होतं. नुसतं कुणाला सांगता येत नव्हतं. सासूबाईंना कळतं तर त्यांनी मला उभं केलं असतं का, कोण जाणे. अजूनही मला ते ताडून पाहायचं नाही.

तुम्ही पाचव्या दिवशी आलात. हातात झाकलेला वाडगा, कस्टर्डचा. सासूबाई विहिरीवर होत्या, कुठल्याही क्षणी आल्या असत्या. मी दाराची चौकट धरून उभी राहिले, तुम्हाला आत येऊ दिलं नाही. हळू आवाजात विचारलं, "त्या डब्यात काय होतं?"

तुम्ही नाव सांगितलंत. मी म्हटलं, "गाईची चरबी." तुमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या वेळी तुम्ही 'चुकले' म्हणाला असतात तर? पण तुम्ही म्हणालात, "पण ते तर डब्यातलं होतं." जसं काही डब्यात घातलं की गाय गाय राहत नाही. आज मला कळतं की तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुमच्या मनात ते मटण नव्हतंच. ते तुमच्या आईचं स्वयंपाकघर होतं, तिथल्या फळीवरचा डबा होता. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी मराठीत बोलले, मुद्दाम, एकेक शब्द तोडून, तुम्हाला कळावा म्हणून.

"तुमच्या पुडिंगनं माझं मूल खाल्लं."

पुडिंग तुमचं, बाकीचे शब्द मी शिकवलेले. तुम्हाला सगळं कळलं. तुम्ही वाडगा पायरीवर ठेवलात आणि उतरणीनं बंगल्याकडे चालत गेलात, भर दुपारी, डोक्यावर टोपीही न घालता. सासूबाई आल्या. "मडम का गं अशी गेली?" मी म्हटलं, "घाईत होती."

त्यानंतर आपण बोललो नाही. बाजारात दिसलात की मी दुसऱ्या ओळीत शिरायची. यांनी विचारलं, साहेबांनी यांना विचारलं. मी सांगितलं, आता घरचं काम फार असतं.

पुढच्या नोव्हेंबरात बदलापूरची हौसा तूप घेऊन आली ती अर्ध्याच शेराचं. तिच्या घरचं तूप आम्ही वर्षानुवर्षं घेतो. किंचित जास्त कढवलेलं असतं, खमंग, तळाला लागलेल्या बेरीचा वास असलेलं. दुसरं कुठलं सासूबाईंना चालत नाही. मी कुरकुरले तशी म्हणाली, "काय करू बाय, सगला तूप त्या बंगल्यावरच्या मडमीनी नेला. तिसरी बारी नेला. काय करतंय ती एवढ्या तुपाचा, देवालाच ठावं."

"तिचं नाव माझ्यासमोर काढू नकोस," मी म्हटलं. मी एवढंही मनात आणलं नाही की टोस्टला लोणी फासणाऱ्या बाईला शेर शेर तूप कशाला लागतंय.

नाताळच्या सकाळी तुमचा स्वयंपाकी पांडू आमच्या दारात. हातात ते पांढरं चिनीमातीचं भांडं, वर फडकं बांधलेलं. "बाईंनी तुमच्यासाठी दिलंय. म्हणाल्या, सांग की यात..." मी त्याला बोलू दिलं नाही. भांडं घेतलं, परसात गेले, केळीच्या बुडाशी खड्डा केला, पुडिंग त्यात उपडं केलं आणि पायानं माती लोटली. भांडं नळाखाली खळबळून पांडूच्या हातात दिलं.

रिकामं.

पांडूही कोकणातला, त्याला अर्थ कळत होता. तुम्हालाही कळणार होता, तुम्ही तो वहीत लिहून घेतला होतात. म्हणून तर दिलं.

या भाद्रपदात तुम्हाला कावीळ झाली. पांडू आला, दारातच उभा राहिला. "बाई काही खात नाहीत. ते लिंबाच्या सालीचं गोड मागतात, तुम्ही दोघींनी केलेलं. बंगल्यावर संपलंय." माझ्याकडे शेवटची बरणी होती. मी ती दिली. त्याच्याबरोबर चार पावलं चालून आले असते तर काय झिजलं असतं माझं? पण बरणी पाठवली आणि मला वाटलं, झालं की, आपण पुष्कळ केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरणी परत आली. स्वच्छ धुतलेली, कोरडी पुसलेली, तळाशी दोन बोटं साखर. पांडू म्हणाला, "मी तशीच आणत होतो. बाईंनी पलंगावरून हाक मारून साखर घालायला लावली."

मी बरणी ओट्यावर ठेवली. उद्या सकाळी जाईन म्हटलं. सकाळी उठून केस विंचरत होते तेव्हा कारखान्याचा शिपाई सायकलवरून निरोप घेऊन आला.

आज दुपारी पांडू पुन्हा आला होता. साहेब परवाच्या बोटीनं जायचे आहेत, बंगला रिकामा होतो आहे. त्याच्या हातात तेच भांडं, तसंच फडकं बांधलेलं. तुम्ही नेहमी दोन करायचात, एक त्या नाताळचं आणि एक पुढच्या वर्षासाठी मुरत ठेवायचं. हे ते दुसरं. कपाटात तुमच्या अक्षरात चिठ्ठी होती म्हणाला, वर माझं नाव.

"वहिनी, यात काय घातलंय ते सांगू का?"

"नको," मी म्हटलं.

गेल्या वेळी मी त्याला बोलू दिलं नव्हतं ते रागानं. आज मला विचारून, खात्री करून, मग खायचं नव्हतं. तशी खात्री करून तर कुणीही खाईल. सासूबाई देवळात गेल्या होत्या, परत यायच्या बेतात होत्या. मी फडकं सोडलं, सुरीनं तुकडा कापला आणि पांडूच्या देखत तोंडात घातला. मनात म्हटलं, असेल तर असेल. जे असेल ते तुमच्या हातचं.

तूप होतं, बाई. हौसाचं. किंचित जास्त कढवलेलं, बेरीच्या वासाचं. मनुका आणि मसाल्यांच्या आतून सरळ माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा वास येत होता.

मी खाली बसले. पांडू मग न विचारता सांगत सुटला. बहिणीचा नवा डबा आला तो तुम्ही त्याच दिवशी फेकायला लावलात. तूप आळून धरेना म्हणून तीनदा पुडिंग बिघडलं, तीनदा तुम्ही हौसाला बोलावलंत. ज्या नाताळला मी तुमचं भांडं रिकामं पाठवलं, त्याच दिवशी तुम्ही त्या पुडिंगचा घरी ठेवलेला तुकडा जेवताना वाढून घेतलात. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. पांडूनं मान खाली घातली. "एक घास घेतला आणि म्हणाल्या, जवळजवळ."

वर्षातून एकदा एकच गोष्ट तुम्हाला घरी पोचवायची. तीही तुम्ही माझ्यासाठी सोडून दिलीत, आणि मी ती केळीच्या बुडाशी पुरली.

एडिथबाई, तुमच्या पुडिंगनं माझं मूल खाल्लं नाही. हे मला त्या दिवशीही आत कुठेतरी माहीत होतं. मला कुणावर तरी आग ओकायची होती, सासूबाईंवर ओकता येत नव्हती, देवावर येत नव्हती. तुम्ही परक्या होता आणि तुम्ही माझ्या सगळ्यात जवळच्या होता, म्हणून सापडलात. ते वाक्य मी परत घेते. उशीर झाला, तरी घेते. ऐका.

सासूबाई आल्या तेव्हा उरलेलं पुडिंग डब्यात काढून मी भांडं धुवत होते. "हे मडमीचं ना?" म्हणाल्या. "द्यायचं असेल परत." मी हो म्हटलं. त्यांनी नेहमीच्या सवयीनं फळीवरचा साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला आणि तांदूळ घेऊन मागच्या दारी गेल्या.

उद्या सकाळी मी बंगल्यावर येते आहे. या वेळी पांडूच्या हाती पाठवणार नाही. मी स्वतः घेऊन येते आहे, भरून.